डब्ल्यूपीसी फळ्यांचा डेक : कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर, अंगणात किंवा फार्महाऊसच्या पडवीपुढे डब्ल्यूपीसीचा (वूड प्लास्टिक कॉम्पोझिटचा) डेक, म्हणजे फ्रेमवर फळ्या टाकून केलेली बसण्या-चालण्याची जमीन, करून घ्यायचा विचार असणाऱ्यांसाठी हे पान आहे. काम उद्यमनगरातला फॅब्रिकेटर आणि ओळखीचा सुतार मिळून करणार, असं गृहीत धरलं आहे. खालची सगळी मापं बाजारात सहज मिळणाऱ्या १४६ मिमी रुंद, २५ मिमी जाड आणि २.९ मीटर (साडेनऊ फूट) लांब फळीची आहेत. तुम्ही घेतलेल्या कंपनीच्या माहितीपत्रकात अंतर किंवा फटी वेगळ्या दिल्या असतील, तर पत्रक पाळा. वॉरंटी त्यावरच ठरते.

डब्ल्यूपीसी म्हणजे नक्की काय असतं?

लाकडाची भुकटी वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळून साच्यातून दाबून काढलेली फळी. डेकच्या फळीत लाकडाची भुकटी साधारण निम्मी किंवा थोडी जास्त असते. बाकी प्लास्टिक, बहुतेक वेळा एचडीपीई. त्यात रंग, उन्हापासून वाचवणारं रसायन आणि भुकटीला प्लास्टिकशी धरून ठेवणारं एक रसायन मिसळलेलं असतं. स्वस्त फळीत पहिली काटकसर या शेवटच्या दोन गोष्टींत होते आणि दुकानात ती डोळ्यांना दिसत नाही. दोन पावसाळे गेल्यावर दिसते.

प्लायवूडच्या दुकानात ८ × ४ फुटांची ‘डब्ल्यूपीसी शीट’ मिळते. तिच्या पट्ट्या कापून डेक केला तर?

करू नका. दारं, किचन ट्रॉली आणि बाथरूमच्या चौकटींसाठी विकली जाणारी ही शीट बहुतेक वेळा पीव्हीसीचा फेस करून बनवलेली असते. वजनाला हलकी, आत सच्छिद्र, भिंतीलगत उभी ठेवायला उत्तम. आडवी टाकून तिच्यावर माणसं चालली, वरून ऊन पडलं, की ती खचते आणि पिवळी पडते. नाव एक असलं तरी माल वेगळा आहे. तीच गोष्ट भिंतीवर लावायच्या लूव्हर पॅनेलची. त्यातले बरेचसे फक्त घरात लावण्यासाठीच असतात.

ओळखायची खूण म्हणजे वजन. डेकची भरीव फळी पाण्यापेक्षा जड असते. २.९ मीटरची एक फळी १२ ते १४ किलो भरते.

भरीव घ्यावी की पोकळ?

पोकळ फळी भरिवापेक्षा बरीच हलकी आणि स्वस्त. छोट्या बाल्कनीत, वर छत असेल तिथे ती चालते. उघड्यावर मात्र भरीवच घ्या. पोकळ फळीच्या टोकांना टोप्या लावतात. त्या कधी ना कधी निघतात, मग आत पाणी, माती, मुंग्या, कधी गांधीलमाशीचं पोळं. जड कुंडीचा पाय दोन कप्प्यांच्या मधोमध आला तर वरची पातळ भिंत फुटते. एवढे पैसे घालून उघड्या गच्चीवर पोकळ फळी टाकणं आम्हाला पटत नाही.

‘कॅप’वाली फळी म्हणजे काय? जास्त पैसे द्यावेत का?

साध्या फळीत लाकडाची भुकटी थेट पृष्ठभागावर असते. कॅप असलेल्या फळीवर कारखान्यातच शुद्ध प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला असतो. त्यामुळे डाग आत शिरत नाहीत, शेवाळ कमी धरतं, रंग जास्त टिकतो. पण तिच्यावर खोल ओरखडा पडला तर घासून घालवता येत नाही, कारण घासलं की थरच जातो. साधी फळी सँडपेपरने घासता येते.

घेताना थर किती बाजूंना आहे ते विचारा. काही फळ्यांना फक्त वरून आणि कडांना असतो, खालची बाजू उघडी असते. डेक जमिनीलगत असेल आणि खाली ओल राहणार असेल तर चारी बाजूंनी थर असलेली बरी.

सागवान का नको?

सागवान नकोच असं नाही. चांगला जुना साग उत्तमच, आणि अनवाणी पायांना डब्ल्यूपीसीपेक्षा कमी तापतो. पण उघड्यावरच्या सागाला दरवर्षी पावसाळ्याआधी तेल लागतं, आणि ते करणारा माणूस तिसऱ्या वर्षी मिळत नाही. डब्ल्यूपीसीला तेल, पॉलिश, रंग काही नको. फक्त धुणं हवं. दुसरीकडे, डब्ल्यूपीसीत लाकडाइतकी ताकद नाही. खांब, तुळई, जिन्याच्या कडेचे मुख्य आधार अशा भार पेलणाऱ्या जागी ते वापरायचं नसतं. ते फक्त वरचं आच्छादन आहे. भार फ्रेमने घ्यायचा.

वाळवी लागते का?

फळीला सहसा नाही. खाली फ्रेमसाठी जंगली लाकूड वापरलं तर त्याला नक्की लागते. मग वरची फळी शाबूत आणि खालचा आधार पोकळ, असा प्रकार होतो.

खालची फ्रेम कशाची करावी?

डेक बिघडतो तो बहुतेक वेळा फ्रेममुळे. गिऱ्हाईक मात्र फळीचा रंग निवडण्यात दोन आठवडे घालवतं आणि फ्रेमचं ‘काय ते तुम्ही बघा’ म्हणतं.

पहिली पसंती जीआय, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड चौकोनी पाइप. ४० × ४० मिमी, १४ गेज, म्हणजे २ मिमी जाड. १८ गेजचा पाइप स्वस्त पडतो, पण १.२ मिमीच्या पत्र्यात स्क्रूला दोन आटेसुद्धा पकड मिळत नाही. वर्षभरात फळ्यांना पाइपावर धरून ठेवणाऱ्या क्लिपा खुळखुळतात. जीआय पाइपला वेल्डिंग केलं की त्या जागेचा जस्ताचा थर जळतो. प्रत्येक टाका तारेच्या ब्रशने घासून त्यावर झिंकयुक्त प्रायमरचे दोन हात द्यायला सांगा, आणि स्वतः उभं राहून बघा. पाइपची उघडी तोंडं पत्रा किंवा प्लास्टिकचं बूच लावून बंद करा, नाहीतर तो आतून गंजतो आणि बाहेरून कळत नाही.

साधा लोखंडी पाइप आणि वर रेड ऑक्साइड, हा नेहमीचा प्रस्ताव येईल. खिडकीच्या ग्रिलला तो चालतो, कारण ती दर काही वर्षांनी रंगवता येते. डेकखालची फ्रेम एकदा झाकली की पुन्हा रंगवता येत नाही.

ॲल्युमिनियम उत्तम, पण महाग. डब्ल्यूपीसीचेच ४० × ३० मिमीचे जॉइस्ट, म्हणजे पाइपाऐवजी फळीखाली टाकायच्या पट्ट्या, मिळतात. ते पूर्ण लांबीभर सपाट कोब्यावर टेकणार असतील तरच वापरा. दोन आधारांच्या मध्ये लटकवले की उन्हाने वाकतात.

पाइपांमधलं अंतर किती?

फळी सरळ टाकायची तर मध्य ते मध्य ३५० मिमी, म्हणजे १४ इंचांच्या आतच. फळ्या तिरक्या टाकायच्या असतील तर ३०० मिमी. जिन्याच्या पायरीला २५० ते ३०० मिमी. हॉटेल, मंगल कार्यालय अशा वर्दळीच्या जागी सगळीकडे ३०० मिमी. फळीचं टोक शेवटच्या पाइपाबाहेर ४० मिमीपेक्षा जास्त लोंबकळू देऊ नका.

फॅब्रिकेटर दोन फुटांचं अंतर सुचवेल. त्याचं गणित लोखंडाच्या वजनाचं असतं. थंडीत असा डेक ठणठणीत वाटतो, पण एप्रिल-मे मध्ये फळी तापून मऊ पडली की पाय ठेवताच दबते आणि पुढे कायमची खोलगट राहते.

फटी किती ठेवाव्यात? फटी न ठेवता जमिनीसारखं सलग दिसलं तर छान नाही का वाटणार?

डब्ल्यूपीसी उष्णतेने लांबीत वाढतं. एका मीटरला एका अंशामागे साधारण ०.०४ मिमी धरा. कोल्हापुरात डिसेंबरच्या सकाळी फळी २० अंशांवर असते. मे महिन्यात दुपारी गडद रंगाची फळी सहज ६० अंशांवर जाते. फरक ४० अंशांचा. २.९ मीटर × ४० × ०.०४ = सुमारे ४.६ मिमी. एवढी वाढायला जागा नसेल तर फळी वर उचलली जाते, क्लिप मोडते किंवा शेवटची फळी पॅरापेटला, म्हणजे गच्चीच्या कठड्याला, रेटते.

म्हणून:

दोन फळ्यांची टोकं जिथे भेटतात तिथे हिवाळ्यात काम असेल तर ६ मिमी, कडक उन्हाळ्यात दुपारी असेल तर ३ मिमी. भिंत, खांब, पॅरापेट यांपासून १० मिमी. शेजारच्या फळ्यांमधली फट क्लिपच ठरवते, बहुधा ५ मिमी. ती पाणी आणि कचरा जाण्यासाठी असते. दोन टोकं जुळतात तिथे खाली एकच पाइप असून भागत नाही. जोडपाइप टाका, म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतःचा आधार आणि स्वतःची क्लिप मिळेल.

आणखी एक बारकावा. क्लिपमध्ये फळी सरकू शकते, आणि तसंच हवं. पण कुठेच पक्की नसेल तर ती महिन्यागणिक एकाच दिशेला सरकत जाते. एका टोकाची फट बुजते, दुसऱ्या टोकाची दुप्पट होते. त्यासाठी प्रत्येक फळी फक्त मधल्या पाइपावर, कडेच्या खाचेतून एक तिरका स्क्रू मारून पक्की करा. मग ती दोन्ही बाजूंना सारखी वाढते.

गच्चीवर डेक केल्याने गळती सुरू होते का?

डेकमुळे नाही, स्लॅबला पाडलेल्या भोकांमुळे होते. फ्रेम हलू नये म्हणून सरळ अँकर बोल्ट मारले जातात. बोल्ट कोब्यातून आणि वॉटरप्रूफिंगमधून आरपार जातो आणि पहिल्याच पावसात खालच्या खोलीच्या छताला ओल येते. गच्चीवरची फ्रेम तरंगती ठेवायची. पाइप एकमेकांना आडवे जोडून एकसंध जाळी केली की तिचं आणि फळ्यांचं वजन तिला जागेवर ठेवायला पुरतं. उंच इमारतीवर, वाऱ्याच्या तोंडावर असेल तर फ्रेम पॅरापेटच्या आतल्या बाजूला आधार देऊन अडकवा, स्लॅबला नको.

सुरुवातीला नेहमी पाण्याची परीक्षा. गच्चीची तोंडं बंद करून दोन-तीन इंच पाणी ४८ तास कोंडून ठेवा आणि खालचं छत बघा. जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा चायना मोझॅक फुटलेला असेल तर आधी तो दुरुस्त करा. डेक टाकल्यावर गळती शोधणं म्हणजे सगळं उचकटणं.

पाइप थेट कोब्यावर टेकवू नका. खाली दर दोन ते अडीच फुटांवर ८–१० मिमीचे रबरी पॅड ठेवा. पॅडमुळे पाइपाखालून पाणी वाहतं, नाहीतर प्रत्येक पाइप एक बांध होतो. शक्य तिथे पाइपांची दिशा गच्चीच्या उताराच्याच दिशेने ठेवा. उतारामुळे खाली पडलेली पोकळी भरायला प्लास्टिकचे पॅकर किंवा वरखाली करता येणारे पेडेस्टल वापरा. प्लायचे तुकडे ठेवले तर ते पहिल्या पावसात फुगतात, दुसऱ्या पावसात विरघळतात.

पावसाचं पाणी जाणाऱ्या तोंडावर दोन फूट बाय दोन फुटांचा उचलता येणारा भाग करा. तिथे क्लिपा न लावता फळ्यांचे तुकडे मागून दोन पट्ट्यांना जोडून झाकणासारखे बसवायचे. हे झाकण केलं नाही, तर नारळाच्या शेंड्या आणि पतंगाचे कागद त्या तोंडात अडकून डेकखाली तळं साचतं.

अजून एक, जे सगळे विसरतात: डेकने जमीन चार-पाच इंच वर येते, म्हणजे पॅरापेट तेवढाच खुजा होतो. डेकवरून मोजून किमान १ मीटर उंची उरते का ते बघा. उरत नसेल तर वर पाइपाची रेलिंग वाढवा. घरात लहान मुलं असतील तर यात सवलत नाही.

स्लॅबला वजन झेपेल का?

भरीव फळी आणि जीआय फ्रेम मिळून चौरस मीटरला सुमारे ४० किलो. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात माणसं, फर्निचर वगैरेचा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरलेला असतो. त्यातला पाव हिस्सा डेकने घेतला. उरलेल्यात माणसं आणि कुंड्या. अर्ध्या ड्रमच्या ओल्या मातीच्या कुंड्या रांगेने मांडणार असाल, किंवा स्लॅब जुना आणि सळई दिसणारा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पाण्याची टाकी डेकवर ठेवायची नाही. १,००० लिटरची टाकी म्हणजे एक टन. झोपाळ्याच्या स्टँडचे पाय आणि तुळशी वृंदावन यांच्यासाठी फळीत आधीच खाच ठेवा आणि ते थेट कोब्यावर किंवा फ्रेमवर टेकवा.

अंगणात काळी माती आहे. काही वेगळं करावं लागतं का?

हो, आणि ते टाळून चालत नाही. पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट ठेवलेले आधार वर्षातून दोनदा वरखाली होतात. प्रत्येक आधाराच्या जागी दीड-दोन फूट खणून माती काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरा, पाणी मारून धुमसा, आणि वर एक फूट बाय एक फूट काँक्रीटचा चार इंची ठोकळा ओता. त्यावर वरखाली होणारा पाय बसवला की नंतर कुठे खचलं तर पाना लावून उचलता येतं. डेक घराच्या जोत्याला बांधू नका. घर आणि अंगण वेगवेगळं हलतं.

जांभ्याच्या जमिनीवर, म्हणजे जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, हा त्रास नाही. तिथे थोडं खरवडून ठोकळा ओतला की झालं.

दोन्हीकडे फळीखाली किमान सहा इंच मोकळी जागा हवी, आणि ती बाजूंनी उघडी हवी. सुंदर दिसावं म्हणून चारी कडांना सलग पट्टी लावून डेक बंद करणं हे बुरशीला आमंत्रण. पट्टी लावायचीच तर खाली दोन इंच सोडा.

पुराचं पाणी येतं अशा भागात डेक करावा का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात जयंती नाल्याच्या आणि पंचगंगेच्या काठच्या वस्त्यांत पाणी किती चढलं हे ज्यांनी पाहिलं त्यांना हा प्रश्न पडणारच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. तुमच्या अंगणात पाणी कितव्या फुटाला येतं ते शेजाऱ्यांना पाठ असतं.

डब्ल्यूपीसीचं पाण्याने फारसं बिघडत नाही. त्रास गाळाचा. पाणी ओसरल्यावर फटींमध्ये आणि डेकखाली बसलेला गाळ वाळला की घट्ट होतो. म्हणून पूरभागात भरीव फळी घ्या. डेक सलग न करता चार फूट बाय चार फुटांच्या, मागून पट्ट्यांनी जोडलेल्या तुकड्यांत करा, म्हणजे उचलून खाली पाणी मारता येईल. फ्रेम जमिनीतल्या ठोकळ्यांना बोल्टने धरून ठेवा, कारण वाहतं पाणी सैल फ्रेम ओढून नेतं. गाळ ओला असतानाच धुवायचा.

गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा या बाजूला चालेल का?

चालतो, पण शहराची मापं तिकडे नेऊ नका. गगनबावडा हा जिल्ह्यात सर्वांत जास्त पावसाचा तालुका. चार महिने फळी वाळतच नाही. झाडाखालच्या, धुक्यातल्या डेकवर शेवाळ येणारच. कॅपवाली भरीव फळी, रुंद खाचांची बाजू वर, क्लिप ६ मिमी फटीची, लांबीच्या दिशेने शंभरात एक उतार, आणि खाली फूटभर मोकळी जागा. स्क्रू ३०४ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचेच. पालापाचोळा फटीत कुजला की त्यातच रोप उगवतं. पावसाळ्यात आठवड्याला एकदा झाडू.

किती माल लागेल, एक उदाहरण द्या.

आधी एक सल्ला: डेकचं माप फळीवरून ठरवा, फळी मापावरून कापू नका. १० × १२ फुटांचा डेक मागितला तर साडेनऊ फुटांच्या फळीला अर्ध्या फुटाचं ठिगळ लागेल. त्याऐवजी डेक २.९ मीटर रुंद ठेवला की एकही तुकडा वाया जात नाही.

फळी १४६ मिमी, फट ५ मिमी, मिळून १५१. चोवीस फळ्या टाकल्या तर लांबी ३.६२ मीटर भरते. म्हणजे डेक २.९ × ३.६२ मीटर, सुमारे ११३ चौरस फूट. त्याला:

फळ्या २४, आणि एक जादा. पाइपांच्या रांगा १०, प्रत्येकी ३.६२ मीटर. त्यांच्यातलं अंतर ३२२ मिमी येतं. वीस फुटी ४० × ४० चे पाइप ८ नग. सात नगांतही हिशोब बसतो, पण कापताना वाया जाणारं धरलं तर आठच घ्या. यात दोन्ही टोकांच्या आडव्या जोडपट्ट्या आल्या. फळ्यांमधल्या २३ फटी × १० पाइप = २३० क्लिपा. तुटफूट धरून २५५. पहिल्या कडेला १० स्टार्टर क्लिपा. स्क्रू क्लिपांइतके, शिवाय शेवटच्या फळीचे १० आणि मधल्या पक्क्या टाक्यांचे २४. रबरी पॅड दर पाइपाला ७ या हिशोबाने ७०.

एक दुकानदार रनिंग फुटाचा दर सांगतो, दुसरा चौरस फुटाचा. तुलना कशी करायची?

या मापाच्या फळीत फट धरून एका चौरस फुटाला जवळजवळ बरोबर दोन रनिंग फूट लागतात. रनिंग फुटाच्या दराची दुप्पट करा, झाला चौरस फुटाचा दर. मग विचारा: यात क्लिपा आहेत का, कडेच्या पट्ट्या आहेत का, फ्रेम आहे का, मजुरी, वाहतूक आणि जीएसटी आहे का? स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा फ्रेमच नसते, किंवा पाइपाचं गेज लिहिलेलं नसतं. गेज, पाइपांमधलं अंतर आणि स्क्रूचा प्रकार कागदावर लिहून घ्या.

माल घेण्याआधी घरी काही तपासता येतं का?

फूटभर नमुना मागा. कापलेल्या तोंडाकडे बघा: रंग आरपार एकसारखा असावा, बुडबुडे किंवा भुकटीच्या गाठी नकोत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. चांगल्या फळीचं वजन अगदी थोडं वाढतं. कडा फुगल्या किंवा बोटाने भुकटी निघाली तर तो माल सोडा.

कोणते स्क्रू? ‘एसएस’ म्हटलं की झालं ना?

नाही. टोकाला ड्रिल असलेले, स्वतः भोक पाडत जाणारे स्टेनलेस स्क्रू बहुधा ४१० प्रकारचे असतात. ते कडक असतात, पण पावसात त्यांच्यावर गंजाचे ठिपके येतात. ३०४ प्रकारचा स्क्रू गंजायला टिकाऊ, पण मऊ. तो पाइपात स्वतः भोक पाडू शकत नाही, टोकच बोथट होतं. कोल्हापूर शहरात झाकलेल्या क्लिपेखाली ४१० चालून जातो. शेवटच्या फळीवर वरून दिसणारे स्क्रू आणि घाटाकडच्या सगळ्या कामाला ३०४ घ्या आणि ४.२ मिमीच्या स्क्रूसाठी पाइपात आधी ३.५ मिमीचं भोक पाडा. जास्त मजुरी लागते म्हणून मिस्त्री कुरकुरेल.

काम कोणत्या क्रमाने व्हावं?

फळ्या आल्या की सपाट जमिनीवर, दर दोन फुटांवर टेकू देऊन, सावलीत आडव्या रचा. भिंतीला उभ्या टेकवल्या तर दोन दिवसांच्या उन्हात धनुष्य होतं आणि ते सरळ होत नाही.

फ्रेम पाणी-लेव्हलने जुळवा, वेल्डिंग आणि प्रायमर पूर्ण करा, आणि मगच फळ्या जागेवर आणा. डेकवर बसून वेल्डिंग केलं तर ठिणग्यांनी फळी भाजते. ग्राइंडरने उडालेला लोखंडाचा बारीक चुरा तर पहिल्या दवात गंजून फळीभर तांबूस ठिपके सोडतो.

पहिली फळी दोरी लावून बसवा. ती तिरकी गेली तर चोविसावीपर्यंत तिरपेपणा वाढत जातो. तिच्या दुसऱ्या कडेच्या खाचेत क्लिप सरकवा, स्क्रू अर्धा आवळा, पुढची फळी सारून बसवा, मग पूर्ण आवळा. दर पाच फळ्यांनी दोन्ही टोकांना टेपने माप घ्या. शेवटची फळी वरून स्क्रूने धरायची. फळीतलं भोक स्क्रूपेक्षा दोन मिमी मोठं, फक्त मधलं भोक घट्ट. टोकापासून ३० मिमीच्या आत स्क्रू मारू नका, चिरते.

कापायला कार्बाइड दात असलेलं, ४० ते ६० दातांचं लाकडाचं पातं. फरशी कापायच्या पात्याने कापलं तर प्लास्टिक वितळून कड चिकट आणि काळी होते. तोंडाला मास्क हवा.

योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनमध्ये घाई करून ओल्या कोब्यावर फ्रेम टाकू नये.

चालताना डेक करकरतो. का?

पॅड एखाद्या ठिकाणी टेकलेलं नाही, किंवा क्लिपेचा स्क्रू सैल आहे, किंवा फळीचं टोक भिंतीला लागलं आहे. याच क्रमाने तपासा. फक्त दुपारी आवाज येत असेल आणि सकाळी नाही, तर तिसरं कारण.

नव्या डेकवरून पहिल्या पावसात चहासारखं पाणी आलं. माल खराब आहे का?

नाही. लाकडातला रंग सुटतो. साध्या, कॅप नसलेल्या फळीत हे होतंच आणि काही पावसांनी थांबतं. पण ते पाणी खालच्या पांढऱ्या भिंतीवर ओघळलं तर डाग पडतात, म्हणून घराला बाहेरून रंग पहिल्या पावसाळ्यानंतर द्या. साध्या फळीचा रंगही पहिल्या काही महिन्यांत थोडा उडतो, मग स्थिरावतो. दुकानातल्या नमुन्यापेक्षा किंचित फिका रंग मनात धरूनच निवड करा.

तांबड्या रश्श्याचा डाग पडला. कसा काढायचा?

गच्चीवर रस्सा मंडळ जमलं की हा प्रश्न येणारच. कट सांडला की लगेच कागदाने टिपा, पुसू नका. पुसलं की तेल पसरतं. भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी, नायलॉनचा ब्रश खाचांच्या दिशेने, भरपूर पाणी. कॅपवाल्या फळीवरून डाग जातो. साध्या फळीत रात्रभर मुरला तर तेलाचा गडद ठसा राहतो. तो हलक्या सँडपेपरने घासता येतो, पण ती जागा काही काळ वेगळी दिसते. हळदीचा पिवळेपणा उन्हाने आपोआप जातो, त्याच्या मागे लागू नका.

गंजाचे ठिपके ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने निघतात. हातमोजे घालून, दहा मिनिटांत धुवून टाका. शेवाळाला साबण आणि ब्रश पुरतो. गाड्या धुवायचा प्रेशर पंप वापरायचा तर पंख्यासारखी फवारणारी नोझल, फूटभर अंतरावरून. एकाच जागी टोकदार धार मारली तर फळीवर पांढरे चरे उमटतात. तारेचा काथ्या अजिबात नको.

उन्हात अनवाणी चालता येतं का? आग लागते का?

एप्रिल-मे मध्ये दुपारी गडद तपकिरी किंवा कोळशासारख्या रंगावर नाही चालता येत. फिकट राखाडी किंवा वाळूच्या रंगाला थोडा कमी चटका बसतो. संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारलं की लवकर निवतो.

‘फायरप्रूफ’ म्हणून विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लाकूड आणि प्लास्टिक दोन्ही जळतात. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं. शेगडी किंवा बार्बेक्यूखाली कडप्पा ठेवा, दिवाळीत पणत्या ताटलीत ठेवा, आणि भुईचक्र, झाड असे फटाके डेकवर लावू नका. काळे खड्डे पडतात. समोरच्या मोठ्या काचेच्या खिडकीचं परावर्तित ऊन एकाच पट्ट्यावर पडत असेल तर तिथल्या फळ्या वाकू शकतात. काचेवर बाहेरून पडदा किंवा जाळी लावणं हाच उपाय.

उरलेले तुकडे बंबात जाळले तर चालतील?

नाही. पीव्हीसी असेल तर धूर आम्लाचा आणि विषारी, नसेल तरी प्लास्टिकचाच. फूटभराचे तुकडे कुंड्यांखाली ठेवायला वापरा. कुंडीचं बूड उचललेलं राहिलं की फळीवर गोल डागही पडत नाही.

मधलीच एक फळी खराब झाली तर सगळं उचकटावं लागतं का?

साध्या क्लिपेत शेवटच्या फळीपासून तिथपर्यंत सोडवत यावं लागतं. तेवढं नको असेल तर खराब फळीच्या मधोमध करवतीने दोन उभे काप घ्या, पात्याची खोली २४ मिमीच ठेवा म्हणजे पाइपावरचा जस्ताचा थर वाचेल. मधली पट्टी पटाशीने उचला, उरलेल्या दोन कडा क्लिपांतून काढा. नव्या फळीच्या एका बाजूच्या खाचेचा खालचा ओठ कापून टाका, दुसरी बाजू क्लिपांत सारा आणि कापलेली बाजू प्रत्येक पाइपावर वरून स्क्रूने धरा. मधलं भोक घट्ट, बाकीची मोठी. रंगात फरक दिसेल, म्हणून सुरुवातीला घेतलेली ती एक जादा फळी गच्चीवरच, उन्हापावसात आडवी ठेवा. घरात जपून ठेवलेली फळी कोरी राहते आणि ठिगळ लांबून ओळखू येतं.